अकरापर्यंत पाणी

तिसऱ्यांदा पाणी अर्ध्यात गेलं, तेव्हा अक्षयाच्या मनात पहिल्यांदा आमीरचं नाव आलं.

पावसाळा सोडला तर केवडी नदी स्वतःच्या पाण्यावर वाहत नाही. वर सह्याद्रीच्या कुशीत धरण, धरणाखाली छोटं वीजघर. सकाळी वीजघरातली यंत्रं चालू झाली की त्यांतून सुटलेलं पाणी नदीत येतं आणि चार तास नदी खळाळते. यंत्रं थांबली की परत धोंडे उघडे पडतात. या चार तासांवर अक्षया आणि आमीर यांचा राफ्टिंगचा धंदा चालायचा. पाटवाडीच्या उतारावर राफ्ट पाण्यात टाकायची, माणसं बसवायची आणि नऊ किलोमीटर खाली जुन्या पुलापाशी बाहेर काढायची.

पाणी किती सुटलं आणि किती वेळ राहणार, हे सांगायला महिपतकाका होते. वीजघरात ते पंचवीस वर्षं यंत्रं चालवत होते. अक्षयाचे वडील तिथेच फिटर. दोन्ही कुटुंबं वसाहतीत शेजारी राहिली. वडील चार वर्षांपूर्वी गेले. उत्तरेत राफ्टिंगचं प्रशिक्षण घेऊन अक्षया परत आली तेव्हा काकाच म्हणाले होते, "मी हाय ना वर. पाण्याचं तू माझ्यावर सोड." तेव्हापासून सकाळी सातला त्यांचा फोन ठरलेला. "बाय, सोडलानी. दोन यंत्रं. अकरापर्यंत." एवढंच बोलून ते ठेवून द्यायचे. तीन हंगामांत त्यांचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

या डिसेंबरात तो चुकायला लागला. पहिल्या वेळी पाणी साडेनऊलाच ओसरलं आणि पुण्याच्या पाहुण्यांसकट राफ्ट अर्धा किलोमीटर ओढत न्यावी लागली. दुसऱ्या वेळी दोन यंत्रांचं पाणी मधेच एका यंत्राइतकं झालं आणि राफ्टचा तळ धोंड्यावर घासून फाटला. तिसऱ्या वेळी परत तेच. काका म्हणाले, "अगो, आता वरून हुकूम येतात, मधेच बदलतात. मी काय करू?" अक्षयाने ते मानलं. काकांवर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. पुलाजवळ गेल्या वर्षी नवं रिसॉर्ट झालं होतं. त्यांच्याही दोन राफ्टी होत्या. ज्या तीन दिवशी पाण्याने दगा दिला, त्या तिन्ही दिवशी रिसॉर्टच्या राफ्टी गाडीवरून उतरल्याच नव्हत्या. त्यांना आधी कळलं होतं.

रिसॉर्टचा मॅनेजर ऋत्विक तिला पेट्रोलपंपावर भेटला. तिने सरळ विचारलं, "तुम्हाला पाण्याचं कोण सांगतं?"

तो हसला. "आमचं आम्हाला कळतं, मॅडम. तुमचा आमीर कसा आहे?"

याने आमीरचंच नाव का काढलं, आमीर यांना सामील तर नाही ना, हा विचार तिला परत येताना गाडीत आला आणि मग तो डोक्यातून जाईना.

आमीर खाडीकाठचा. त्याचे आजोबा गलबत हाकणारे तांडेल होते. तो स्वतः सहा वर्षं दुबईत एका वॉटर पार्कमध्ये जीवरक्षक होता. वडील आजारी पडले म्हणून परत आला आणि परत गेला नाही. रत्नागिरीत पोहण्याच्या एका स्पर्धेत दोघांची ओळख झाली, त्याच वर्षी त्यांनी भागीदारीत पहिली राफ्ट घेतली. पाण्यात तो समोर असला की अक्षयाला मागे वळून बघावं लागत नसे. असा माणूस गेले तीन आठवडे भल्या सकाळी बाइक काढून कुठेतरी जात होता. विचारलं की म्हणायचा, "पाव आणायला." एकदा हात हलवत परत आला, तर म्हणाला बेकरी बंद होती. बेकरी उघडी असल्याचं तिने स्वतः बघितलं होतं. बाइकची चाकं तांबड्या मातीने माखलेली असायची. बेकरीचा रस्ता तर डांबरी होता. फोन आला की तो आंब्यांच्या कलमांपर्यंत चालत जाऊन बोलायचा.

पाटवाडीच्या नाक्यावर आनंदीबाईंची टपरी होती. अक्षया चहा प्यायला थांबली तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "तुझा आमीर रोज वर जातो गो, वीजघराकडं. काय काढलान तिकडं?"

"वीजघराकडे?"

"मग काय. साडेसहाला जातो नि आठाला उतरतो."

अक्षयाने तिथूनच काकांना फोन लावला. "काका, आमीर वर येतो का तुमच्याकडे?"

काका म्हणाले, "आमीर? नाय गो. मी नाय बघितला."

झालं. अक्षयाने सगळं जुळवलं. रिसॉर्टवाल्यांची वरच्या साहेबांशी ओळख असणार. ते वेळ बदलून घेत असणार. कुठल्या दिवशी तिच्याकडे मोठी बुकिंगं आहेत हे त्यांना सांगणारा कुणीतरी लागतो, आणि बुकिंगची वही तिच्याशिवाय फक्त आमीर बघतो. तिन्ही वेळा राफ्ट भरलेली होती. एकदा हे मनात बसल्यावर त्याची प्रत्येक हालचाल तिला तिकडेच बोट दाखवताना दिसू लागली. तो गप्प बसला तरी संशय, जास्त बोलला तरी संशय. तिने वही स्वतःच्या बॅगेत ठेवायला सुरुवात केली. आमीरच्या ते लक्षात आलं. त्याने एकदा बॅगेकडे बघितलं आणि काही बोलला नाही. निर्दोष माणूस विचारेल तरी, असं अक्षयाला वाटलं.

शनिवारी रत्नागिरीहून पाच शिक्षक येणार होते. त्यांचे प्रमुख स्वरूप सर पन्नाशीचे, गुडघा थोडा धरणारा. बाकी चौघं तरुण; त्यांतली वेदिका तेवढी पाण्याला घाबरणारी. हेदवीला गणपतीचं दर्शन घेऊन, मुक्काम करून ते पहाटे निघाले होते. हे बुकिंग अक्षयाने आमीरला आदल्या संध्याकाळी सांगितलं, मुद्दाम उशिरा.

शनिवारी सकाळी आमीर जागेवर नव्हता. सातला काकांचा फोन आला. "बाय, सोडलानी. दोन यंत्रं. अकरापर्यंत." साडेसातला पाटवाडीच्या उतारावर पाणी चढलं. छान, भरलेलं, दोन यंत्रांचंच. शिक्षकांना लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवून ती वल्हं कसं धरायचं ते शिकवत होती, तेवढ्यात आमीरचा फोन आला. आवाज तुटत होता.

"आज उतरू नको... मी येईपर्यंत थांब..."

"का?"

"थांब, एवढं..." आणि फोन बंद. परत लावला तर लागेना.

अक्षया फोन हातात धरून उभी राहिली. पाच माणसं तयार, समोर भरलेली नदी, आणि हा म्हणतो थांब. का, ते सांगत नाही. थांबलं तर अकराची वेळ टळणार, ही माणसं चिडून पुलाजवळच्या रिसॉर्टला जाणार आणि सोमवारपर्यंत रत्नागिरीत गवगवा होणार. एवढंच त्याला हवं असेल. तरी तिने काकांना फोन केला.

"काका, आज काही वेगळं आहे का?"

"काय नाय गो. अकरापर्यंत. जा तू बिनधास्त."

आठला तिने राफ्ट पाण्यात टाकली. मागे ती, पुढे पाचजण.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. दोन उतार असे आले की स्वरूप सरसुद्धा पोरासारखे ओरडले. वेदिकाची भीती पहिल्याच लाटेत धुऊन निघाली. आमीरच्या जागी दुसरा माणूस बघायला हवा, सोमवारीच त्याच्याशी बोलून मोकळं व्हायचं, असं वल्हं मारता मारता अक्षयाने ठरवूनही टाकलं.

नऊच्या सुमाराला ते घळीत शिरले. घळ म्हणजे दोन्ही बाजूंना उभा काळा कडा, मधून नदी, दीड किलोमीटर. तिथे फोन लागत नाही आणि पाणी सोडताना वाजणारा वीजघराचा भोंगाही ऐकू येत नाही. घळीच्या मध्यावर असताना तिला कड्यावर ओला पट्टा दिसला. पाण्याच्या वर, हातभर रुंद. मघाशी इथे पाणी होतं आणि आता नाही.

"काय झालं?" स्वरूप सरांनी विचारलं.

"काही नाही. पाणी थोडं कमी होतंय. जोरात मारा."

पण पाणी त्यांच्यापेक्षा लवकर पळालं. पंधरा मिनिटांत राफ्ट एका सपाट धोंड्याच्या कडेला टेकली आणि सरकेना. खाली उतरून ढकलली, तर पुढे नुसते दगड. दोन्ही बाजूंनी गुडघाभर प्रवाह उरला होता. अक्षयाने सगळ्यांना मधल्या धोंड्यावर बसवलं. ऊन आलं होतं, धोंडा उबदार होता. कुणीतरी पिशवीतून लाडू काढले. वेदिका कड्यावरच्या माकडांचे फोटो काढायला लागली. पाणी पूर्ण ओसरेपर्यंत दोन तास बसू आणि मग चालत खाली जाऊ, असं त्यांना सांगत असताना अक्षयाच्या मनात एकच विचार होता. याला माहीत होतं. आजचं पाणी जाणार हे आमीरला माहीत होतं.

तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली.

डाव्या कड्याच्या माथ्यावर, जिथून गुराख्यांची पायवाट खाली येते, तिथे आमीर उभा होता. तो शिट्टी फुंकत दोन्ही हात डोक्यावरून डावीकडे नेत होता, परत परत. धोंडा सोडा. या बाजूला या. पाणी येतंय.

अक्षया उठून उभी राहिली, पण हलली नाही. काका म्हणाले होते अकरापर्यंत. काकांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी असायला हवं होतं आणि नव्हतं. आमीर म्हणतो पाणी येतंय, आणि नदी तर कोरडी पडत चाललेली. पाच नवख्या माणसांना शेवाळलेल्या दगडांवरून चाळीस फूट चालवायचं, सरांचा तो गुडघा, राफ्ट इथेच सोडायची. कुणाचं ऐकून? तीन आठवडे खोटं बोलणाऱ्याचं?

आमीरने तिचं थांबणं बघितलं. तो पायवाटेने घसरत खाली आला, दोरीची पिशवी खांद्याला, आणि काठावर न थांबता सरळ नदीच्या पात्रात उतरला. दगडांवरून धडपडत तो त्यांच्याकडे येऊ लागला. ते बघून अक्षयाचा गोंधळ संपला. पाणी येणार नाही हे माहीत असतं तर तो असा धावला नसता, आणि येणार हे माहीत असून त्याला तिचं वाईट करायचं असतं, तर तो वरच उभा राहिला असता.

"उठा," ती म्हणाली. "सगळे. बॅगा राहू द्या. एकमेकांचे हात धरा."

आमीर अर्ध्यावर पोचला होता. त्याने दोरी फेकली, तिने धोंड्याच्या सुळक्याला बांधली. "तीन यंत्रं चालू केली सव्वानऊला," तो एवढंच बोलला. घड्याळात पावणेदहा होत होते. चौघांना त्यांनी दोरीला धरून काठावर नेलं. वेदिका मधे घसरली. आमीरने जॅकेटला धरून तिला उभं केलं. स्वरूप सर शेवटी निघाले, अक्षया त्यांच्या मागे.

आधी वारा आला. घळीत एरवी वारा नसतो. मग वरच्या वळणावरून पाचोळा आणि फेस घेऊन एक बुटकी तपकिरी भिंत आली. फार उंच नव्हती, कमरेएवढी असेल, पण तिच्या मागे सगळी नदी होती. सरांना काठावरच्या हातांनी ओढून घेतलं. अक्षयाने खडकाला मिठी मारली. आमीर तिच्या मागे दोन पावलांवर होता. पाण्याने त्याला उचललं आणि खाली नेलं. सुळक्यावरून सोडवलेली दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती, दुसरं टोक काठावर होतं; ती ताठ झाली. अक्षयाने दोरी धरून दोन्ही पाय खडकाला लावले. चौघं शिक्षक तिच्या कमरेला धरून बसले. किती वेळ ते तिला नंतर सांगता आलं नाही. आमीर काठाला लागला तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला होता.

ते बसले होते तो धोंडा आता पाण्याखाली होता. राफ्ट दिसत नव्हती.

पायवाटेने वर चढून ते रस्त्याला लागले. शिक्षकांची गाडी यायला वेळ होता. आमीर साकवाच्या कठड्याला टेकून बसला. अक्षयाने त्याचा हात काठाला लागलेल्या वल्ह्याच्या तुटक्या दांड्याला बांधला.

"आता सांग," ती म्हणाली.

"महिपतकाका दिवाळीपासून कामावर नाहीत."

तिला ते आधी कळलंच नाही.

"वीजघरात आता कुणी नसतं. यंत्रं लांबच्या ऑफिसातून चालतात, कॉम्प्युटरवर. गेटवर एक वॉचमन, बास. काकांना घरी बसवलं. ते रोज सकाळी कुंपणाबाहेर किंजळीच्या झाडाखाली बसतात. तिथून पाणी सुटताना दिसतं. बघतात आणि तुला फोन करतात."

"आणि अकरापर्यंत?"

"ते अंदाजाने. पूर्वी अकरालाच थांबायचं ना."

अक्षया रस्त्यावर खाली बसली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा पाणी गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. विचारायला वर गेलो तर ते असे बसलेले. हात जोडले त्यांनी. म्हणाले, हिच्या बापाला मी शब्द दिलाय, हिला सांगू नको. मी म्हटलं, बरं, मग मी रोज वॉचमनला विचारून येईन. त्याला कधी माहीत असायचं, कधी नसायचं. आज म्हणाला टेस्टिंग आहे, साडेआठला बंद आणि सव्वानऊला तिन्ही चालू. मी फोन केला. मग उतरताना चाक पंक्चर."

"फोनवर टेस्टिंग एवढा शब्द तुला बोलता आला नाही?"

"काका शेजारीच बसले होते. त्यांच्यादेखत त्यांना खोटं कसं पाडू?"

"सहा माणसं होती धोंड्यावर, आमीर."

"हो," तो म्हणाला. "माझं चुकलं."

त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवून अक्षया दुपारी वर गेली. काका खरंच किंजळीखाली होते. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला पेन, शेजारी डबा. तिला बघून उठले, आणि तिचा चेहरा बघून परत बसले.

"कळलं तुला."

"काका, सकाळी मी उलट फोन करून विचारलं. तेव्हा तरी सांगायचं होतं, मला माहीत नाही म्हणून."

काकांनी कुंपणाकडे बघितलं. आत यंत्रांची घरघर चालू होती.

"पंचवीस वर्सं मला माहीत होतं गो," ते म्हणाले. "माहीत नाय म्हणायची जीभच नाय. तू इचारायचीस, काका पाणी किती. बाकी मला कोण काय इचारतो आता?"

तिला खूप काही बोलायचं होतं. घळीतला वारा सांगायचा होता, आमीरचा हात सांगायचा होता. तिने सांगितलंही, पण शांतपणे, एकेक करून. काका ऐकताना हळूहळू शर्टाची वरची गुंडी काढत आणि लावत होते. शेवटी ती म्हणाली, "उद्यापासून फोन करू नका. पाण्यासाठी नाही." आणि उतारावरून खाली निघाली. मागे वळून बघितलं असतं तर पाय अडकले असते, म्हणून बघितलं नाही.

सोमवारी ती रत्नागिरीला वीजघर चालवणाऱ्या खात्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी एक साधा अर्ज पुढे केला. नाव आणि मोबाइल नंबर लिहा, पाण्याचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी मेसेजवर येईल, बदल झाला तरी येईल. रिसॉर्टवाल्यांनी हा अर्ज दिवाळीतच भरला होता. अक्षया अर्ज भरताना दोनदा आपलाच नंबर चुकली.

राफ्ट तीन किलोमीटर खाली सापडली, दुरुस्तीपलीकडची. शिक्षकांना तिने खरं काय ते लिहून कळवलं. स्वरूप सरांचं उत्तर आलं. त्यात राग होता आणि तो रास्त होता. वेदिकाने मात्र वेगळा फोन करून आमीरच्या हाताची चौकशी केली. महिपतकाका आठवड्याने मंडणगडला मुलीकडे राहायला गेले. आनंदीबाईंकडून ते कळल्यावर अक्षयाने त्यांना फोन केला. तिकडे थंडी कशी आहे, गोळ्या घेता का, असं दोघं पाच मिनिटं बोलले. पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

आमीर हाताला प्लास्टर घालून परत आला तो जानेवारीत. उरलेल्या एका राफ्टला दोघं ठिगळ लावत बसले होते. तो डाव्या हाताने घासत होता, ती सोल्युशन लावत होती. बुकिंगची वही दोघांच्या मधे पडली होती.

"अजून काही लपवलंयस माझ्यापासून?" तिने विचारलं. विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली, पण न विचारता राहवेना.

आमीरचा हात थांबला. "एक आहे. ऋत्विकने नोकरीचं विचारलं होतं. हेड गाइड म्हणून."

"कधी?"

"तू वही बॅगेत ठेवायला लागलीस त्याच आठवड्यात."

"मग?"

"विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलं नाही."

म्हणजे कलमांत जाऊन घेतलेले काही फोन खरंच ऋत्विकचे होते. तिला वाटलं त्या कामासाठी नव्हते, पण होते. अक्षयाने सोल्युशनचा ब्रश डब्यात ठेवला. समोर नदी कोरडी होती; दुपारचे तीन वाजले होते, यंत्रं बंद होती.

"आजच सांग त्याला," ती म्हणाली. "जे काही सांगायचंय ते. आणि मग मला."

आमीरने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. या वेळी तो कलमांपर्यंत गेला नाही. तिथेच बसून त्याने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून वहीवर ठेवला.